आपल्या गोष्टीसाठी जनरिक आरपीजी सिस्टिम कशी निवडायची: एक कडा, पाच सिस्टिम

घरच्या टेबलावर आरपीजी, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन फाशांवर रंगवायचा गोष्टीचा खेळ, खेळायचा आहे, गोष्ट स्वतःची आहे, ती डीएनडीच्या (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, यातला सगळ्यात प्रसिद्ध खेळ) एल्फ आणि ड्रॅगनमध्ये बसत नाही, आणि कुणाला विचारावं तर दहा जण दहा नावं सांगतात. कुणी म्हणतं गर्प्स घे, कुणी फेट, कुणी सॅव्हेज वर्ल्ड्स. प्रत्येकाचं रूलबुक चाळलं की प्रत्येकच भारी वाटतं. मी बरीच वर्षं जीएम (गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा) म्हणून बसतोय आणि माझं मत एवढंच आहे की रूलबुक वाचून सिस्टिम निवडू नका, आपल्या गोष्टीतला एकच प्रसंग घ्या आणि तो सगळ्या सिस्टिममधून खेळून बघा. खाली मी तेच करून दाखवतोय, आकड्यांसकट.

जनरिक म्हणजे काय ते थोडक्यात. डीएनडीमध्ये जादू, देव, राक्षस हे नियमांतच विणलेलं असतं. जनरिक सिस्टिममध्ये दुनिया तुमची, नियम फक्त एवढंच सांगतात की माणूस काय करू शकतो आणि ते जमलं की नाही ते कसं ठरवायचं. हे काही नवीन नाही. केऑसिअम कंपनीने १९७८ च्या रूनक्वेस्टमधले नियम सोलून १९८० मध्ये बेसिक रोलप्लेइंग नावाची १६ पानांची पुस्तिका काढली, तीच बीआरपी. स्टीव्ह जॅक्सन गेम्सचं गर्प्स आलं १९८६ मध्ये. सॅव्हेज वर्ल्ड्स २००३, फेट कोअर २०१३, सायफर सिस्टिमचं जनरिक रूलबुक २०१५. बाकी नावं खूप आहेत, पण सुरुवातीला या पाचांपलीकडे जायची गरज नाही.

आधी बघा, जनरिक खरंच लागतंय का

तुमच्या गोष्टीसाठीच कुणीतरी खास गेम बनवलेला असेल तर तोच घ्या. उदाहरणार्थ, १९२० च्या काळातली भीतीची, वेडाकडे झुकणारी गोष्ट असेल तर कॉल ऑफ कथुलू १९८१ पासून आहे आणि त्याचं इंजिन बीआरपीचंच आहे, मग स्वतः जुळवाजुळव कशाला करायची.

आणि डीएनडीच वाकवून घेऊ असं वाटत असेल तर आधी एक हिशोब करा. फाइव्ह ई, म्हणजे डीएनडीच्या पाचव्या आवृत्तीत, दर दहा फुटांच्या पडण्याला एक डी६ (सहा बाजूंचा फासा, तसाच दहा बाजूंचा डी१०) टाकून येईल तेवढी इजा होते, म्हणजे शंभर फुटांवरून पडलात तर दहा डी६, सरासरी ३५. दहाव्या लेव्हलच्या बऱ्या तब्येतीच्या फायटरकडे हिट पॉइंट (किती मार झेलता येतो तो आकडा) असतात ८० च्या आसपास. म्हणजे तो शंभर फूट पडून उठतो आणि चालायला लागतो. ड्रॅगनशी लढणाऱ्या हीरोच्या गोष्टीत हे चालतं, पण तुमची गोष्टच कड्यावर चढण्याची असेल तर त्या कड्याची भीती तिथेच संपली. सिस्टिम चुकली की गोष्ट अशी आतून पोकळ होते, आणि तीन सेशन (खेळाच्या बैठका) होईपर्यंत ते लक्षातही येत नाही.

एक प्रसंग लिहून काढा

पानभर नको, पाच-सहा ओळी बास. पण त्यात तुमच्या कॅम्पेनचा, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीचा, जीव पाहिजे, म्हणजे दर दोन सेशनला येईल असला प्रसंग. आमचा असा होता. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदांनी साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला, त्यावरून आम्ही आमचा काल्पनिक किल्ला आणि काल्पनिक माणसं बनवली होती. अंधारी रात्र, ओला कडा, तीन प्लेअर वर चढतायत, वर तटावर एक पहारेकरी मशाल घेऊन फेऱ्या मारतोय, आणि खाली उरलेले लोक कर्णे फुंकून गोंधळ उडवायला तयार बसलेत.

पहिल्यांदा हा प्रसंग खेळलो तेव्हा माझी धाकटी चुलत बहीण पहिला रोल करायच्या आधी फासे हातातच धरून थांबली आणि म्हणाली, "दादा, हा रोल गेला तर मी मरते का?"

हाच प्रश्न प्रत्येक सिस्टिमला विचारायचा. प्रत्येकीचं उत्तर वेगळं येतं, आणि त्या उत्तरावरून प्लेअर पुढचे तीन तास कशाचा विचार करणार ते ठरतं. निवड करायची ती या उत्तराची.

गर्प्स

तीन डी६ टाकायचे आणि बेरीज स्किलच्या आकड्याएवढी किंवा कमी आली पाहिजे. तीन फाशांची बेरीज मधल्या आकड्यांवर जास्त पडते, म्हणून इथे एक-एक आकड्याला किंमत आहे. स्किल १२ असेल तर ७४ टक्के चान्स. ओला कडा आणि अंधार म्हणून मी ३ वजा केले की ९ राहिले, आणि चान्स थेट साडेसदतीस टक्क्यांवर.

आता गंमत बघा. गर्प्समध्ये अंगावरच्या ओझ्याचा बोजा चढण्याच्या स्किलमधून वजा होतो. हे कळल्याबरोबर तिन्ही प्लेअर कड्याच्या पायथ्याशी बसले आणि अर्धा तास फक्त एवढ्यावर बोलले की ढाल खाली ठेवायची का, तलवारी एका दोरात बांधून मागून ओढून घेता येतील का, पहिला चढणारा फक्त कट्यार घेऊन गेला तर वर पहारेकऱ्याशी गाठ पडल्यावर काय करायचं. मी एक शब्दही बोललो नव्हतो, नियमानेच त्यांना मावळ्यांसारखा विचार करायला लावला. ज्यांना हे आवडतं त्यांना गर्प्ससारखं दुसरं काही नाही.

बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर: किती उंचीवर आहेस ते सांग, हिशोब करून सांगतो. साधारण माणसाचे हिट पॉइंट १० असतात, त्यामुळे हिशोब फारसा तुझ्या बाजूने नाही.

लढाईत एक टर्न म्हणजे एक सेकंद. दोघांची तलवारबाजी यात फार सुंदर रंगते, वीस-वीस माणसांची हाणामारी मात्र संपता संपत नाही. सुरुवात करायची तर मोठी पुस्तकं घेऊच नका, गर्प्स लाइट ३२ पानांचं आहे आणि फुकट मिळतं, माझ्या मते पहिले सहा महिने तेवढं पुरतं.

बीआरपी

शंभरातले टक्के. क्लाइंब ६० म्हणजे साठ टक्के, दोन डी१० टाका (एक दशकाचा, एक एककाचा), ६० किंवा खाली आलं की जमलं. अवघड प्रसंग असेल तर स्किल अर्धं, म्हणजे ३०. बास. ज्या माणसाने जन्मात आरपीजी खेळलेला नाही त्याला हे समजावायला एक मिनिट लागतं, कारण टक्के काय असतात ते शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून आपल्याला कळतं. माझ्या आत्याला, जिचं वय साठच्या पुढे आहे, मी याच सिस्टिमने टेबलावर बसवलं, आणि दुसऱ्या सेशनला तीच बाकीच्यांना सांगत होती की अगं तुझे पस्तीसच आहेत, तू पुढे जाऊ नकोस.

उत्तर: हो, मरू शकतेस. दर तीन मीटरला एक डी६ लागतो आणि हिट पॉइंट असतात साधारण बारा, म्हणजे नऊ मीटरवरून पडलीस तर सरासरी साडेदहा लागतील, वाचलीस तरी जेमतेम.

या सिस्टिममधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे शिकणं. सेशनमध्ये जे स्किल यशस्वी वापरलं त्याच्यापुढे खूण करायची, शेवटी शंभराचा रोल करायचा आणि तो स्किलच्या वर आला तरच स्किल वाढतं. म्हणजे नवशिक्या पटपट शिकतो आणि उस्तादाला एकेका टक्क्यासाठी झगडावं लागतं, खऱ्या आयुष्यात होतं तसंच. लेव्हल नाही, क्लास नाही, माणूस जे करतो त्यातच तयार होतो. २०२३ मध्ये याची नवी आवृत्ती आली आणि ती खुल्या ऑर्क लायसन्सखाली आहे, त्यामुळे तुम्ही स्वतःचा गेम लिहून प्रकाशित करायचा विचार करत असाल तर त्याही दृष्टीने बघून ठेवा.

सॅव्हेज वर्ल्ड्स

इथे स्किल म्हणजे आकडा नाही, फासाच. कच्च्याला डी४, पक्क्याला डी१२. प्लेअरच्या कॅरेक्टरला सोबत एक जादा डी६ मिळतो, त्याला वाइल्ड डाय म्हणतात, दोन्ही टाकायचे आणि चांगला तो धरायचा, ४ किंवा वर आलं की जमलं. अॅथलेटिक्स डी८ असेल तर ८१ टक्के चान्स. अंधुक उजेडाचे २ वजा केले की ४८ च्या आसपास. फाशाचा सगळ्यात मोठा आकडा पडला की तो परत टाकायचा आणि बेरीज करायची, परत पडला तर परत, आणि हे सुरू झालं की टेबलावरचे सगळे उभे राहून ओरडायला लागतात, हे मी दर वेळी बघितलंय.

उत्तर: इतक्यात नाही. तुझ्याकडे सेशनच्या सुरुवातीला तीन बेनी (रोल परत करायच्या चकत्या) आहेत, एक दे आणि रोल परत कर.

ज्या गोष्टीत माणसं भरपूर आहेत तिथे हीच सिस्टिम घ्या. महत्त्वाच्या कॅरेक्टरला तीन जखमा झेलता येतात, बाकीचे पहारेकरी एका जखमेत बाद, त्यामुळे जीएमला वीस शिपायांचे हिट पॉइंट लिहीत बसावं लागत नाही. लढाईत कुणाची पाळी आधी ते पत्त्यांवर ठरतं, जोकरसकट पूर्ण कॅट लागतो, जो रमीसाठी घरात असतोच. दहा-बारा वर्षांची मुलं टेबलावर असतील तर मी दुसरा विचारच करत नाही, पत्ते वाटायला सुरुवात झाली की ती आपोआप सरसावून बसतात. याचेही टेस्ट ड्राइव्ह नियम फुकट मिळतात.

फेट

चार फासे, प्रत्येकावर अधिक, उणे आणि कोरं. खास फासे नसतील तर साध्या डी६ वर १-२ उणे, ३-४ कोरं, ५-६ अधिक धरायचं, लुडोचे फासे चालतात. अॅथलेटिक्स ३ आहे आणि कडाही ३ चा ठरवला तर निखळ यशाचा चान्स ३८ टक्के, आणि आणखी साडेतेवीस टक्के वेळा बरोबरी होते, म्हणजे चढलीस पण काहीतरी छोटी किंमत मोजून.

उत्तर: तुला काय वाटतं, मरायला हवीस का? फेटमध्ये फसलेला रोल म्हणजे बहुतेक वेळा "जमलं, पण महागात पडलं". दोर तुटला आणि मागचे दोघे खाली अडकले, किंवा पहारेकऱ्याने चेहरा बघितला. ते टेबलाने मिळून ठरवायचं असतं.

फेटचा जीव आस्पेक्टमध्ये आहे, आस्पेक्ट म्हणजे कॅरेक्टरबद्दलचं एक चटपटीत वाक्य जे त्याच्या फायद्याचंही असतं आणि त्याला अडकवतंही. आणि इथे मराठीत खेळणाऱ्यांची चंगळ आहे, कारण आपल्या म्हणी त्याच कामासाठी बनल्यासारख्या आहेत. आमच्या गटात शत्रूच्या किल्ल्यावर नोकरीला असलेला हेर होता, त्याचा आस्पेक्ट "पाण्यात राहून माशाशी वैर". घर-संसार मागे टाकून मोहिमेवर निघालेल्याचा "आधी लगीन कोंढाण्याचं". प्लेअर फेट पॉइंट देऊन त्याच वाक्यातून २ ची मदत घेतो, आणि जीएम तेच वाक्य दाखवून म्हणतो की घरून निरोप आलाय, बायको आजारी आहे, पण तू तर थांबणारा नाहीस ना? हो म्हणालास तर हा घे फेट पॉइंट. त्या क्षणी टेबलावर जी शांतता पसरते ती मला दुसऱ्या कुठल्या सिस्टिमने दिलेली नाही.

आणि ते कर्णे आठवतायत ना, तेही फेटमध्ये सगळ्यात छान बसतात. खालचा प्लेअर कर्णे फुंकतो, रोल तीनने जास्त आला तर "किल्ल्यावर गोंधळ" हा आस्पेक्ट तयार होतो आणि तो दोनदा फुकट वापरता येतो, म्हणजे खाली उभा असलेला माणूस खरोखर वरच्याला हात देतो. नियम पूर्ण फुकट आहेत. घाई असेल तर फेट अॅक्सिलरेटेड घ्या, त्यात स्किलची यादीच नाही, जपून, हुशारीने, दिमाखात, जोरात, झटपट, गुपचूप असे सहाच मार्ग आहेत.

पण जो प्लेअर म्हणतो की मला फक्त माझं कॅरेक्टर खेळू दे, गोष्ट काय होणार ते मला विचारू नको, त्याला फेट जड जातं. असा एक जरी टेबलावर असेल तर हट्ट करू नका.

सायफर

अवघडपणा ० ते १०, त्याला तीनने गुणायचं आणि तेवढं डी२० वर आणायचं. कडा ५ चा, म्हणजे १५ लागतात, ३० टक्के. चढायचं शिकलेला असेल तर ४ चा होतो, ४५ टक्के. वर अंगातली ताकद खर्च करून जोर लावला तर ३ चा, ६० टक्के. जीएम फासे टाकतच नाही, सगळे रोल प्लेअर करतात, त्यामुळे जीएमचं डोकं मोकळं राहतं. बहिणीला उत्तर: जोर किती लावतेस ते सांग, पण पुढे पहारेकऱ्यासाठी काय उरेल ते बघ. थकत जाण्याची, जपून खर्च करण्याची गोष्ट असेल तर ही बघा.

एकाच संध्याकाळपुरता खेळ हवा असेल तर या पाचही सोडा आणि रायसस घ्या, काही पानांचं आहे, फुकट आहे, "धनगर (४), नकलाकार (३)" असं लिहिलं की कॅरेक्टर तयार, कंसातला आकडा म्हणजे किती डी६ टाकायचे. आणि पॉवर्ड बाय द अपोकॅलिप्स हे नाव यादीत आलं तर एवढं ध्यानात ठेवा की ती तयार सिस्टिम नाही, त्यातला प्रत्येक गेम एका ठरावीक प्रकारच्या गोष्टीसाठी वेगळा लिहिलेला असतो, ती तुमच्या गोष्टीला लावायची म्हणजे अर्धा गेम तुम्हालाच लिहावा लागतो.

आता घड्याळ लावून कॅरेक्टर बनवा

पाचातून दोन उरल्या की त्या दोन्हींत एकेक कॅरेक्टर बनवा, पण स्वतः नका बनवू, टेबलावर जो सगळ्यात कमी वाचतो त्याला बनवायला द्या आणि शेजारी बसा. तो कुठे अडतो ते कागदावर लिहून ठेवा. आमचं एक कॅम्पेन सुरू व्हायच्या आधीच बंद पडलं ते यामुळेच. जाड रूलबुक, स्किलची लांबच लांब यादी, दोन रविवार नुसते शीट भरण्यात गेले आणि तिसऱ्या रविवारी सहापैकी तिघेच आले. खेळायला मिळालंच नव्हतं तर ते येणार तरी कशाला. तेव्हापासून माझा नियम आहे, एका तासात शीट भरून झालं नाही तर मी आधीच तयार कॅरेक्टर बनवून आणतो आणि प्लेअरला फक्त नाव आणि दोन स्किल बदलू देतो.

त्याच वेळी जीएमचा वेळही मोजा. एक साधा पहारेकरी आणि एक किल्लेदार कागदावर उतरवायला किती मिनिटं लागली? नोकरी करून शनिवारी रात्री तयारी करणाऱ्याला हा आकडा फार महत्त्वाचा आहे, कारण प्लेअर कंटाळून कॅम्पेन बंद पडतात त्यापेक्षा जीएम दमून जास्त बंद पडतात असं मी तरी बघितलंय.

मराठीत बोलून बघा

हे मी मुद्दाम वेगळं सांगतोय कारण कुठल्याच रूलबुकात ते सापडणार नाही. आपण टेबलावर मराठीत बोलतो, मग नियम मोठ्याने म्हणून बघा. "साठात चाळीस आले, चढलीस", हे कानाला नैसर्गिक वाटतं. सगळं भाषांतर करत बसू नका, रोल, स्किल, बेनी, डॅमेज हे तसेच ठेवा, ते सगळ्यांच्या तोंडात बसतात. पण कॅरेक्टर शीटवर कॅरेक्टरबद्दलचे जे शब्द आहेत, म्हणजे आस्पेक्ट, स्वभावातले दोष, धंदा, ते मराठीतच लिहा. "लॉयल" लिहिलेला प्लेअर आणि "खाल्ल्या मिठाला जागणारा" लिहिलेला प्लेअर वेगळं खेळतात, अगदी डोळ्यांना दिसेल इतकं वेगळं.

तीन तासांचा वन शॉट, आणि मग निर्णय

तोच कड्याचा प्रसंग, आधी थोडं, नंतर थोडं, असा वन शॉट, म्हणजे एकाच बैठकीत संपणारा खेळ, खेळा. नियम अडला की पुस्तक उघडू नका, पटकन काहीतरी ठरवा, कागदावर खूण करा आणि पुढे चला. संपल्यावर खुणा मोजा. दहाच्या वर असतील तर एक तर सिस्टिम जड आहे किंवा तुम्ही जास्तीचे नियम घेतलेत, ते कापून परत एकदा बघा. "मजा आली का" असं विचारू नका, हो असंच उत्तर येतं. "कुठल्या क्षणी फोन हातात घेतलास" असं विचारा.

आमच्या टेबलाने शेवटी बीआरपी ठेवली. फेटचा मोह मला खूप होता, पण आम्हाला कड्याची भीती हवी होती आणि बहिणीला तिच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असं ऐकायचं होतं, तिनेच तसं सांगितलं.

मध्येच सिस्टिम बदलायची वेळ आली तर

येते, आणि त्यात वाईट काही नाही. फक्त आकड्यांचं भाषांतर करू नका. गर्प्समधलं १२ म्हणजे ७४ टक्के, म्हणून बीआरपीत ७५ लिहिलं तर सुरुवातीला बरोबर वाटतं, कारण गर्प्समध्ये ३ वजा केल्यावर चान्स साडेसदतीसवर येतो आणि ७५ चं अर्धंही साडेसदतीसच. पण १४ घ्या. तिथे चान्स ९० टक्के, ३ वजा केले तरी साडेबासष्ट राहतो, आणि बीआरपीत ९० चं अर्धं ४५. म्हणजे गर्प्समधला कसलेला माणूस बिकट वेळी जसा टिकतो तसा तो बीआरपीत टिकत नाही, आणि प्लेअरला वाटतं आपलं कॅरेक्टर कुणीतरी कमकुवत केलं. त्याऐवजी प्रत्येकाला त्याच्या कॅरेक्टरबद्दल पाच वाक्यं लिहायला सांगा: कशात गावात एक नंबर, कशात बरा, काय अजिबात जमत नाही, कुणासाठी जीव देईल, कशाला घाबरतो. नवं शीट त्या वाक्यांवरून कोरं भरा, पहिले दोन सेशन आकडे बदलायची मोकळीक द्या, आणि जुनं शीट फेकू नका, नव्याच्या मागे टाचणीने लावून ठेवा.